छोटा रीफ टँक: पाण्याच्या या चुका टाळा

घरी रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, नव्याने लावलेल्या कुणाचा रात्री साडेदहाला फोन वाजला की पलीकडून काय येणार ते मला आता पाठ झालंय. "काका, कोरल उघडत नाहीयेत." मी एकच विचारतो, आज पाण्यात काय काय घातलंस? दोन सेकंद शांतता. मग यादी सुरू होते: बफर, कॅल्शियम, बाटलीतले बॅक्टेरिया, कुठल्याशा व्हिडिओत पाहिलेलं आणखी काहीतरी. टँक लावून पाच आठवडे झालेले असतात आणि माणसाला रोज रात्री काहीतरी ओतल्याशिवाय झोप येत नसते.

डोंबिवलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये गेली अकरा वर्षं दोन फूट बाय एक बाय एकचा टँक आहे. कागदावर हे माप ५६ लिटर भरतं. वाळू आणि खडक टाकले की खरं पाणी राहतं ४५ ते ५० लिटर. पहिली चूक इथेच होते, डोस ५६ वर काढला जातो. तसा हा प्रकार किरकोळ आहे, पण पुढचा सगळा हिशेब यावर उभा असतो म्हणून आधी सांगितलं.

खाऱ्या पाण्याचं टॉप-अप

ही माझी सगळ्यात नावडती चूक. टँकमधलं पाणी रोज आटतं. वाफ होते ती पाण्याची, मीठ आत तसंच राहतं. म्हणून आटलेल्या पाण्याच्या जागी मीठ नसलेलं, आरओ-डीआयचं (आरओ आणि डीआय रेझिनमधून गाळून सगळे क्षार काढलेलं) पाणी घालायचं असतं. वाचताना सगळे मान डोलावतात आणि तरीही करतात उलटंच.

आमच्याच सोसायटीतल्या एका मुलाचा टँक छान चालला होता. एक दिवस झोअँथस (बटणासारखे छोटे कोरल) मिटले ते मिटलेच. मी खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर घेऊन गेलो, आकडा आला १.०३१ (साधं पाणी १ धरून घनता). समुद्राचं पाणी असतं १.०२६ च्या आसपास, म्हणजे ३५ पीपीटी, हजार भागांत ३५ भाग मीठ. याचं ४१ झालं होतं. पोरगा शपथेवर सांगत होता की मी काहीच केलं नाही. ते खरंच होतं. तो सकाळी सातच्या लोकलने जायचा आणि रात्री यायचा. टँक भरायची त्याची आई, वॉटर चेंजसाठी कालवून ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या निळ्या ड्रममधून. रोज पाऊण लिटर, बारा दिवस. "समुद्राचं पाणी ना ते, मग त्यात साधं पाणी कसं घालायचं?" असं त्यांचं म्हणणं. दिवसाला सव्वीस ग्रॅम मीठ जात होतं आणि बाहेर काहीच येत नव्हतं.

मी म्हटलं, "वहिनी, आमटी आटली तर तुम्ही त्यात काय घालता?"

"गरम पाणी."

"अजून आमटी नाही ना घालत?"

त्या हसल्या आणि विषय संपला. मुलाला मी हेच तीन वेळा समजावलं असतं.

त्याला मात्र त्याच रात्री वीस लिटर काढून साधं पाणी ओतायचं होतं. मी बादली हातातून काढून घेतली. बारा दिवसांत चढलेला खारेपणा एका तासात उतरवला तर जे तग धरून आहेत तेही जातात. रोज दीड लिटर खारं काढायचं, दीड लिटर गोडं घालायचं. त्याने ०.००१ च्या आसपास उतार पडतो. सहाव्या दिवशी १.०२६ वर आलं. एक गोगलगाय गेली, कोरल सगळे वाचले. काचेवर आता काळ्या इन्सुलेशन टेपची पट्टी आहे आणि वहिनी रोज सकाळी देवपूजेनंतर पट्टीपर्यंत पाणी भरतात. ऑटो टॉप-ऑफ (आटलेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) घ्यायला मुलाने पैसे साठवले होते, ते वाचले.

आणि रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या आरओ पाण्यावर शून्याला लावू नका. स्वस्तातले बरेच साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेले असतात, समुद्राच्या पाण्याला एक-दीड पीपीटी चुकतात. ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशनचं पाणी विकत मिळतं, त्यावरच लावा.

स्वयंपाकघरातला आरओ

प्यायला उत्तम. टँकला नको. चवीसाठी त्यात मुद्दाम खनिजं सोडलेली असतात, टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवला की ५०-६०-८० काहीही येतं. आपल्याला शून्य हवं, म्हणजे मागे उरलेले क्षार ओढून घेणारं डीआय रेझिन लागणारच. मीटरवर १ दिसलं की मी रेझिन बदलतो, २ ची वाट बघत नाही.

जाडं मीठ, सैंधव, "मीठ ते मीठच" वगैरे चर्चा माझ्याशी करू नका. ते सोडियम क्लोराइड आहे, त्यात कोरलला लागणारं कॅल्शियम, मॅग्नेशियम, केएच (कार्बोनेटची मात्रा, अंशांत मोजतात) नाही. रीफ सॉल्ट घ्या आणि बादलीत पंप लावून आदल्या रात्री कालवा. टँकमध्ये कोरडं मीठ टाकणारा माणूसही मी पाहिला आहे.

शून्याचा नाद

ही माझी दुसरी नावडती चूक. यात मी स्वतःच सापडलो होतो.

तिसऱ्या वर्षी माझ्या टँकचं फॉस्फेट ०.२ पीपीएमवर गेलं. दर दोन दिवसांनी काचेवरचं शेवाळ पुसावं लागायचं, एवढाच त्रास. दुकानदाराने लोहाचे लालसर तपकिरी दाणे दिले, ते फॉस्फेट शोषतात. डब्यावर डोस लिहिला होता मोठ्या टँकचा. मी जाळीच्या पिशवीत दोन चमचे शीग लावून भरले. तिसऱ्या दिवशी टेस्टला रंगच आला नाही. शून्य! बायकोला बोलावून ती नळी दाखवली होती मी.

आठवड्याने झोअँथस मिटायला लागले. मग वाळूवर तपकिरी शेंबूड. दुसरा शब्द नाही त्याला. सकाळी वाळू स्वच्छ दिसायची, दुपारी चारपर्यंत धाग्यांच्या जाळ्या आणि प्रत्येक धाग्याच्या टोकाला एक बुडबुडा, रात्री दिवे गेले की पुन्हा गायब. डायनोफ्लॅजेलेट्स, म्हणजे डायनो, हे सूक्ष्म एकपेशीय जीव. पाच टर्बो गोगलगायींपैकी चार उलट्या पडल्या, डायनोंच्या काही जाती विषारी असतात.

कारण साधं आहे. कोरल आणि त्याच्या पेशींत राहणारं शेवाळ, दोघांनाही नायट्रोजन-फॉस्फरस लागतं. तुम्ही ते शून्यावर नेता तेव्हा साधं शेवाळ आणि बॅक्टेरिया आधी उपाशी मरतात, आणि रिकाम्या जागेत डायनो बसतात. मी पिशवी काढली, काही आठवडे वॉटर चेंज बंद ठेवला, माशांना दुप्पट खायला घातलं आणि रोज संध्याकाळी नळीने तो शेंबूड ओढून पायमोज्यातून गाळून पाणी परत टँकमध्ये सोडलं. अडीच महिने. आता मी नायट्रेट ५ पीपीएम आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.०८ च्या मध्ये कुठेही असलं तर बघतही नाही. काचेवर हिरवा थर येतो, तो पुसतो.

दाणे वापरायचेच असतील तर डोसाचा पाव भाग घाला आणि दोन दिवसांनी मोजा.

शून्य खोटंही असू शकतं. नायट्रेटच्या काही किटमध्ये दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवायची असते, तळाला बसलेलं रसायन मिसळलं नाही तर रंगच येत नाही. उलट काही डिजिटल मीटर फॉस्फेट नाही, फॉस्फरस दाखवतात, तेही पीपीबीत, म्हणजे पीपीएमच्या हजाराव्या भागात. त्याला ३.०६६ ने गुणून हजाराने भागायचं. मीटरवर २० म्हणजे फॉस्फेट ०.०६, झकास आकडा. मला एकाने "काका, फॉस्फेट वीस झालंय!" म्हणून फोटो पाठवला होता, दाण्यांचा डबा उघडून तयार.

केएच एका चमच्यात

खाण्याच्या सोड्याने केएच वाढतो, बरोबर. पण हिशेब करा: ५० लिटरला एक अंश चढवायला दीड ग्रॅम पुरतो. चहाचा सपाट चमचा म्हणजे साधारण पाच ग्रॅम, एकदम तीन अंशांहून जास्त उडी. ७ चा ८ झाला नाही म्हणून कोरल मेलेला मी पाहिला नाही. ७ चा १० एका रात्रीत झाला म्हणून टोकं पांढरी पडलेली पाहिली आहेत. मी सोनाराकडे असतो तसला छोटा काटा वापरतो आणि दिवसाला अर्ध्या अंशाच्या पुढे जात नाही. बेकिंग पावडर वेगळी, त्यात आम्ल असतं, डबा वाचून घ्या.

कॅल्शियम आणि केएचची द्रावणं एकाच जागी पाठोपाठ ओतली की पाण्यात पांढरा धूर दिसतो. तो चुना. गीझरच्या कॉइलवर बसतो तोच, इथे पंपावर बसतो. दोन्हींत अर्धा तास तरी जाऊ द्या. मॅग्नेशियम १२५० पीपीएमच्या खाली असेल तर बाकीचे दोन्ही आकडे टिकत नाहीत, आधी ते बघा.

खरं तर पहिल्या वर्षी, नुसते मऊ कोरल असतील तर, यातलं काहीच लागत नाही. आठवड्याला पाच लिटर पाणी बदललं की सगळं भरून निघतं. पण पाच लिटर बदलण्यात मजा नाही, बाटलीत आहे.

बाकीच्या पटापट:

पीएचच्या मागे लागू नका. बंद एसी खोलीत कार्बन डायऑक्साइड साठून तो ७.९ पर्यंत उतरतो. खिडकी उघडा.

टँकच्या सायकलला, म्हणजे अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया बसायला, चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्य आल्याशिवाय मासा नको. पहिल्या महिन्यात वाळूवर तपकिरी पूड येते ती डायटम्स, एक सूक्ष्म शेवाळ, आपली आपण जाते.

माशांसाठीचं तांबं असलेलं औषध रीफ टँकमध्ये कधीही नाही. कोळंबी, गोगलगाय, कोरल, सगळं जातं.

मे महिन्यात पंखा लावलात तर टॉप-अप दुप्पट होतो, टेपकडे लक्ष ठेवा.

मालवणहून कोरलचा तुकडा उचलून आणू नका. दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मेलेला, किनाऱ्यावर पडलेला होता, ही सबब चालत नाही.

आणि टेस्ट नेहमी एकाच वारी, एकाच वेळी, दिवसाच्या उजेडात. मी रविवारी आंघोळीआधी खिडकीत बसून करतो आणि दोनशे पानी वहीत लिहितो. विचित्र आकडा आला तर हात न लावता पुन्हा मोजतो, निम्म्या वेळा तो माझ्या सिरिंजमधल्या हवेच्या बुडबुड्याचा निघतो. गेल्या रविवारची नोंद: केएच ७.८, नायट्रेट ५, काही केलं नाही. वही टँकखालच्या कपाटात ठेवू नका, माझ्या पहिल्या दोन तिथेच भिजल्या.