आर्क्टिक फॉक्स काय खातो हे शोधायच्या कामात यायचं असेल तर

नॉर्वेला मास्टर्सला चाललेय आणि तिथे फॉक्सच्या खाण्यावर काम करणार असं घरी सांगितलं तेव्हा आजी म्हणाली, अगं कोल्हा काकडीला राजी, त्यात दोन वर्षं शिकायचं काय. तिला समजावता समजावता मलाच एक गोष्ट नीट कळली, की आपण ज्याला कोल्हा म्हणतो तो जॅकल, आणि फॉक्स म्हणजे आपल्याकडचं खोकड, सासवड-बारामतीच्या माळावर संध्याकाळी दिसतं ते. आर्क्टिक फॉक्स त्या खोकडाचा बर्फातला चुलतभाऊ, वजन साधारण तीन-चार किलो, म्हणजे घरच्या बोक्याएवढाच. एवढासा प्राणी उणे चाळीसमध्ये काय खाऊन जगतो हा प्रश्न मला तेव्हापासून चिकटलाय तो अजून सुटलेला नाही.

या कामात कसं यायचं, काय शिकायचं असं बरेच जण विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहिते. कोर्सेसची यादी शेवटी थोडक्यात देते, कारण ती कुठेही मिळते. आधी कामाबद्दल, कारण ते कळल्याशिवाय अर्ज करून उपयोग नाही.

मी आले तेव्हा डोक्यात एकच होतं, आर्क्टिक फॉक्स लेमिंग खातो. पुस्तकात तसंच असतं आणि ते खोटंही नाही. नॉर्वे-स्वीडनचे डोंगर, सायबेरिया, कॅनडाचा टुंड्रा, इथे लेमिंगवरच सगळा संसार चालतो. लेमिंग म्हणजे उंदराएवढा गुबगुबीत प्राणी, हिवाळाभर बर्फाखाली बोगदे करून राहतो, आणि दर तीन ते पाच वर्षांनी त्यांची संख्या प्रचंड वाढते आणि मग कोसळते. भरभराटीच्या वर्षी फॉक्सच्या मादीला दहा-बारा, कधी त्याहूनही जास्त पिल्लं होतात, आणि लेमिंग नसलेल्या वर्षी त्याच बिळात एकही पिल्लू नसतं. मी पहिल्यांदा असं रिकामं बीळ पाहिलं तेव्हा वाईट वाटलं होतं, शंभर वर्षं वापरातलं बीळ, वरती गवत हिरवंगार (विष्ठा आणि उरलंसुरलं खाणं यांचं खत होतं ना, लांबून त्या हिरव्या ठिपक्यावरूनच बीळ ओळखू येतं), आणि आत कुणी नाही.

तर मी उत्तर नॉर्वेतल्या वारांगर भागातले स्कॅट म्हणजे विष्ठेचे नमुने तपासायला बसले आणि पहिल्या दोन महिन्यांत बहुतेक सगळ्यांत लेमिंगचे नाहीतर व्होलचे (लेमिंगसारखाच उंदरासारखा छोटा प्राणी) केस आणि दात सापडले, मी आनंदात लिहून टाकलं की आहाराचा बहुतेक भाग लेमिंग. गाईडने एकच प्रश्न विचारला, रेनडिअरचं मांस खाल्लं असेल तर स्कॅटमध्ये काय दिसेल? आणि मी गप्प. कारण लेमिंग अख्खा गिळला जातो, केस, हाडं, दात सगळं बाहेर येतं. पण मेलेल्या रेनडिअरचं लुसलुशीत मांस खाल्लं तर ते जवळजवळ पूर्ण पचतं, मागे उरतो काळपट चिकट पदार्थ आणि फार तर चार केस. म्हणजे मी मोजत होते ते काय खाल्लं ते नाही, काय पचलं नाही ते. नवीन येणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहावं असं मला मनापासून वाटतं, माझी दोन महिन्यांची आकडेमोड त्यापायी परत करावी लागली.

त्यासाठीच आयसोटोप, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमीजास्त वजनाचे अणू, शिकावं लागतं. नावाने घाबरू नका. समुद्रातल्या अन्नसाखळीत नायट्रोजन-१५ आणि कार्बन-१३ जमिनीवरच्यापेक्षा जास्त असतात, त्यामुळे सील आणि समुद्रपक्षी खाणाऱ्या फॉक्सच्या शरीरात ते प्रमाण वर जातं, लेमिंग खाणाऱ्याचं खाली राहतं. आणि गंमत म्हणजे शरीराचा कुठला भाग घेतला त्यावर काळ ठरतो, रक्तात थोड्या दिवसांचं खाणं कळतं, नखात काही महिन्यांचं, आणि हिवाळी केस शरद ऋतूत उगवतात म्हणून त्यात शरदाचं. हिवाळ्यात काय खाल्लं म्हणून कुणी हिवाळी केस तपासले तर उत्तर दुसऱ्याच ऋतूचं येईल. अजून एक खाच, नॉर्वे आणि स्वीडनमध्ये हा प्राणी इतका कमी झालाय (स्वीडनने १९२८ मध्ये आणि नॉर्वेने १९३० मध्ये शिकार बंद केली तरी तो नीट सावरला नाही) की त्याच्यासाठी डोंगरात कुत्र्याचं कोरडं खाणं भरलेले डबे ठेवतात. त्या खाण्यात मका असेल तर कार्बन-१३ वर जातो आणि कागदावर असं दिसतं की डोंगरातला फॉक्स समुद्रावर जाऊन जेवला! म्हणून आधी आजूबाजूला काय काय ठेवलंय ते विचारून घ्या.

जागा बदलली की ताट बदलतं, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे. स्वालबार्ड या नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बेटांवर लेमिंग नाहीतच. तिथला फॉक्स हिवाळ्यात रेनडिअरच्या मढ्यांवर जगतो, आणि त्यात एक क्रूर हिशोब आहे, हिवाळ्यात मध्येच पाऊस पडला की जमिनीवर बर्फाचा कडक थर बसतो, रेनडिअरला खालचं गवत मिळत नाही, ते मरतात आणि फॉक्सची चंगळ होते. वसंतात तो समुद्राच्या बर्फावर जातो, रिंग्ड सीलची पिल्लं बर्फाखालच्या गुहेत असतात ती वास घेऊन उकरून काढतो, कधी पांढऱ्या अस्वलामागे फिरून त्याने टाकलेलं उष्टं खातो. उन्हाळ्यात कड्यांवरचे समुद्रपक्षी, हंस-बदकांची अंडी, पिल्लं. आइसलँडमध्येही लेमिंग नाहीत, तिथे किनाऱ्यावरचे फॉक्स पक्षी आणि लाटांनी आणलेलं जे मिळेल ते खातात, आतल्या भागातले टार्मिगन (बर्फाळ भागातली रानकोंबडी) आणि गीज (रानहंस) यांच्यावर जगतात. शिवाय क्रोबेरी नावाची काळी बोरासारखी फळंसुद्धा खातात, विष्ठेत जांभळट रंग आणि बिया दिसतात. मला ते पाहून थेट आपला माळ आठवला, कारण खोकडाच्या विष्ठेत बोराच्या बिया असतातच.

आणि साठवणूक. कॅनडात स्नो गीजच्या वसाहतीत फॉक्स जूनमध्ये अंडी पळवतो, एक खातो आणि बाकीची मातीत, शेवाळात एकेक करून पुरून ठेवतो. खाली जमीन कायम गोठलेली, वर अंड्याचं कवच, त्यामुळे ती महिनोन्‌महिने टिकतात आणि पुढच्या वसंतात, लेमिंग नसतील तेव्हा, तीच कामाला येतात. माझी आजी उन्हाळ्यात सांडगे-कुरडया डब्यात भरून ठेवायची पावसाळ्यासाठी, तिला हे फोनवर सांगितलं तेव्हा पहिल्यांदा तिला माझा विषय पटला.

लाल फॉक्सकडेही लक्ष ठेवा, नाहीतर अर्धंच चित्र दिसतं. तो दक्षिणेकडून वर सरकतोय, अंगाने मोठा आहे, व्होल, ससे, रानकोंबडे, शिकाऱ्यांनी मूस (तिकडचं मोठं हरीण) कापून टाकलेली आतडी, माणसाचा कचरा असं सगळं खातो, आणि बीळही बळकावतो. वारांगरमध्ये २००५ पासून त्यासाठी लाल फॉक्स मारून कमी करतात, हे अनेकांना पटत नाही, मलाही सुरुवातीला जड गेलं, पण तिथे काम करायचं तर यावर विचार करून यावंच लागतं.

आता लॅबचं, कारण इथेच लोक चुकतात. स्कॅट उघड्या हाताने कधीच घेऊ नका. फॉक्सच्या विष्ठेत एकायनोकॉकस नावाच्या टेपवर्मची अंडी असू शकतात, माणसाच्या लिव्हरमध्ये तो वर्षानुवर्षं वाढतो आणि जीवघेणा ठरतो. स्वालबार्डमध्ये तो आहे, तिथे माणसाबरोबर आलेल्या व्होलमुळे त्याचं चक्र चालू राहतं. घरच्या फ्रीझरच्या थंडीत ती अंडी मरत नाहीत, म्हणून नमुने आधी उणे ८० अंशात काही दिवस ठेवतात आणि मगच धुवायला घेतात. रेबीजची लसही घेऊन ठेवा, स्वालबार्डमध्ये २०११ मध्ये फॉक्स आणि रेनडिअर दोघांतही रेबीज निघाला होता. मग बारीक चाळणीत धुणं, ओव्हनमध्ये वाळवणं, चिमट्याने केस, हाडं, पिसं, बिया वेगळ्या करणं. केस ओळखायला काचेवर साध्या पारदर्शक नेलपॉलिशचा थर देऊन त्यावर केस दाबतात, वाळल्यावर काढला की खवल्यांचा ठसा राहतो. सुरुवातीला एका स्कॅटला मला अख्खी दुपार लागायची, कंटाळा येतो, पाठ दुखते, पण लेमिंगची दाढ आणि व्होलची दाढ यांतला फरक डोळ्याला कळायला लागतो त्या दिवशी फार छान वाटतं. डीएनए पद्धत आता सगळीकडे आली आहे, ती शिकाच, पण तिने प्राणी मारून खाल्ला की मेलेला मिळाला ते कळत नाही, आणि फॉक्सचा स्वतःचा डीएनएसुद्धा भरपूर येतो.

शिक्षणाचं थोडक्यात. झूऑलॉजी, बॉटनी, व्हेटर्नरी, अगदी स्टॅटिस्टिक्सवालेसुद्धा येतात. भारतात डेहराडूनचं वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट आणि बेंगळुरूच्या एनसीबीएसचा (नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस) मास्टर्स हे दोन रस्ते आधी बघा. नॉर्वेत २०२३ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लागते, आधीचे फुकट शिक्षणाचे लेख वाचून निघू नका, स्वीडन-फिनलंडमध्येही फी आहे पण स्कॉलरशिप असतात. पीएचडी मात्र नॉर्वेत पगारी नोकरी असते, म्हणून बरेच जण मास्टर्स भारतात करून मग अर्ज करतात, आज मला परत निवडायचं असतं तर मीही तेच केलं असतं. आर ही आकडेमोडीची संगणक-भाषा शिकून या. नॉर्वेजियन थोडं जरी आलं तरी गावातले शिकारी आणि सामी (तिथले मूळ रहिवासी) रेनडिअरपाळ बोलतात, आणि कुठल्या दरीत कधी किती जनावरं मेली हे त्यांच्याएवढं कुणालाच माहीत नसतं.

आणि अर्ज करायच्या आधी घराजवळ सहा महिने काम करा. खोकड वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, त्यामुळे वनखात्याची परवानगी असलेल्या कुठल्यातरी प्रोजेक्टमध्येच जा, एकटं गोळा करू नका. प्रत्येक पिशवीवर तारीख, जीपीएस, बिळाचा नंबर आणि ताजा की जुना हे पेन्सिलने लिहा, पेन्सिलनेच, मार्करची शाई फ्रीझरमधून काढल्यावर दवाने पुसली जाते आणि मग तो नमुना कुठल्या महिन्याचा ते कुणीच सांगू शकत नाही. माझे एकोणीस असे गेले.