सोलापुरात शिकायला येताय आणि लोकगीतांचा नाद आहे? मग हे तुमच्यासाठी

मी बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव मंगळवेढा तालुक्यात, पार कर्नाटकच्या हद्दीला लागून, आणि तीन वर्षं झाली सोलापुरात रूम करून राहतेय. दरवर्षी जून-जुलैत गावाकडच्या पोरापोरींचे फोन येतात, ताई रूम कुठं बघू, मेस कुठली लावू, आणि सगळं विचारून झालं की शेवटी हळूच, ताई तुझं ते हलगीचं आणि गाण्याचं अभ्यासात कसं काय बसतं. म्हणून एकदा नीट लिहून काढते, फोनवर घाईत बरंच राहून जातं.

राहण्याखाण्याचं आधी उरकते. रूम बघताना भाड्याच्या आधी पाण्याची टाकी केवढी आहे ते विचारा, कारण सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, मध्ये काही दिवस जातात आणि चार पोरी एका टाकीवर असल्या की तिसऱ्या दिवशी भांडणं होतात. पत्र्याची खोली स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, एप्रिलमध्ये पारा चाळीसच्या वर जातो आणि नेमक्या तेव्हाच परीक्षा असतात. मेसचं जेवण एखाद्या दिवशी बिघडलं तर घाबरू नका, खोलीत कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा डबा ठेवा, दोन्ही टिकतात आणि पोट भरतं. मुलींना एसटीला 2023 पासून अर्धं तिकीट आहे त्यामुळे महिन्यातून एकदा गावाला जाणं परवडतं, आणि जा खरंच, ते का ते पुढं सांगते.

माझा दिवस साधारण असा असतो. सकाळी लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल, मग तासभर लायब्ररी, संध्याकाळी दोन घरी आठवी-नववीच्या मुलांचं गणित घेते त्यात मेसचे पैसे निघतात, आणि आठवड्यातून तीन दिवस साडेसात ते नऊ हलगीचा सराव. रात्री जर्नल. यात गाण्यासाठी वेगळा वेळ मी काढलेला नाही, ते चालता चालता, भांडी घासताना, बसमध्ये होतं. लोकगीतं तशीही रिकाम्या वेळेत म्हणायची गाणी नव्हतीच कधी, दळताना, पेरताना, मेंढरं हाकताना, पायी जाताना म्हटलेली आहेत ती.

पण फर्स्ट इयरला मी हे सगळं लपवून ठेवलं होतं. माझ्या फोनमध्ये मामानं भरून दिलेल्या धनगरी ओव्या होत्या, एक जण कानावर हात ठेवून ओवी उचलतो, बाकीचे शेवटचा तुकडा धरून ओढतात, मग गाणं थांबतं आणि कथा बोलून सांगतात, परत ओवी. रूमवरच्या एका मुलीनं एकदा विचारलं हे काय लावलंस ग, आणि मी पटकन रीलवरचं काहीतरी लावलं. ते वर्षभर मनाला लागून राहिलं. आमच्याकडं दिवाळीला हुलजंतीला यात्रा भरते, बिरोबा आणि महालिंगरायाच्या पालख्यांची भेट होते, ढोलांचा आवाज पोटात घुमतो आणि भंडाऱ्यानं माणसं पिवळी होऊन जातात. ते बघत मी मोठी झाले आणि शहरात येऊन त्याचीच लाज वाटून घेतली. गुंथर सोन्थायमर नावाचे जर्मन अभ्यासक याच धनगरांच्या, बिरोबा-खंडोबाच्या मागं आयुष्यभर फिरले हे मला नंतर लायब्ररीत कळलं. पण ते कळलं म्हणून लाज गेली नाही, ती गेली ती सोलापूरच्या पूर्व भागात.

झालं असं की वर्गातली एक मैत्रीण तेलुगू घरातली, पद्मशाली म्हणजे विणकर समाजातली, घर अशोक चौकाकडं, वडील यंत्रमागावर आणि आई विड्या वळते. नवरात्रात ती मला बतुकम्माला, त्यांच्या फुलांच्या सणाला, घेऊन गेली. तबकात फुलांचा थरावर थर रचलेला, भोवती बायका गोल फिरतायत, टाळ्या वाजवतायत आणि प्रत्येक ओळीच्या शेवटाला उय्यालो, उय्यालो. मला तेलुगू एक शब्द येत नव्हता. पण मला ते ओळखीचं वाटलं, कारण माझी आजी जात्यावर ओवी म्हणताना ओळ संपवून श्वास घेते तसंच ते होतं, एकीनं सांगायचं आणि बाकीच्यांनी धरायचं. दिवसभर सुपात पानं घेऊन वाकून बसलेल्या काकू तिथं ताठ उभ्या राहून गाणं उचलत होत्या. त्या रात्री रूमवर येऊन मी मामाच्या ओव्या मोठ्यानं लावल्या आणि रूमवरच्या मैत्रिणीला सगळी कथा समजावून सांगितली.

तर नवीन येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं, सोलापूर हे चार भाषांचं गाव आहे, मराठी, कन्नड, तेलुगू आणि मोहल्ल्यांतली दखनी, आणि फक्त मराठी ऐकाल तर पाऊण गाव सुटेल. ज्या सिद्धेश्वरांचं हे गाव ते सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत आणि शेवटी कपिलसिद्धमल्लिकार्जुन ही मुद्रा, म्हणजे त्यांची सही, येते. जानेवारीत त्यांची गड्ड्याची यात्रा असते, त्याच्या आधी काही आठवडे संध्याकाळी नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या उंच काठ्या, पेलायचा सराव चालतो, तो सराव बघा. यात्रेच्या दिवशी गर्दीत फक्त डोकी दिसतात, पण सरावाला काठीचा तोल, चालणाऱ्यांची पावलं आणि हर्र बोला हर्र हे सगळं जवळून कळतं. मग संक्रांतीच्या आदल्या दिवशी अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वरांचं प्रतीकात्मक लग्न, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, तेव्हा लवकर जाऊन जागा धरा.

आता माझी एक चूक. सेकंड इयरला एका लग्नघरी गोंधळ होता, मी फोन घेऊन गोंधळ्यांच्या अगदी समोर जाऊन बसले, लाइट चालू, रेकॉर्डिंग चालू. सुरुवातीला ते देव बोलावतात, तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, एकेकाला गोंधळाला या म्हणून. मी मध्येच फोनचा कोन बदलायला उठले तर संबळवाले म्हातारे आजोबा वाजवायचे थांबले आणि एवढंच म्हणाले, "पोरी, आधी बस. मग घे काय घ्यायचं ते." रागावले नाहीत. मी फोन पिशवीत टाकला आणि पहाटेच्या आरतीपर्यंत बसले. त्या रात्री कळलं की संबळाच्या एका तोंडाचा आवाज बारीक आणि दुसऱ्याचा खर्जाचा का लागतो, तुणतुण्याची एकच तार सूर कसा धरून ठेवते, आणि लय पहिल्या तासात मुद्दाम दाबून ठेवलेली असते ती आख्यान रंगलं की सोडतात. दोन मिनिटांच्या क्लिपमध्ये यातलं काही येत नाही. सकाळी आजोबांनी स्वतःहून म्हटलं, आता घे तुझं रेकॉर्डिंग, आणि मला नुसत्या संबळाची वीस मिनिटं वाजवून दाखवली. तेव्हापासून माझा नियम तोच आहे, आधी बसायचं, मग विचारायचं, मग रेकॉर्ड करायचं, आणि रेकॉर्ड केलं की वहीत तारीख, गाव आणि म्हणणाऱ्याचं पूर्ण नाव लिहायचं. "पारंपरिक" एवढंच लिहून मोकळं होऊ नका, गाणारीला नाव असतं.

ऐकायला कुठं जायचं हे सगळे विचारतात. मार्गशीर्षात बाळे भागातला खंडोबा, वाघ्या-मुरळी आणि दिमडी, गावातच आहे. पूर्वी दिमडीला घोरपडीचं कातडं असायचं, आता कायद्यानं बंदी आहे म्हणून प्लास्टिकची मिळते, आवाज वेगळा लागतो हे जुने वाजवणारे लगेच सांगतात. यल्लम्माच्या भक्तांकडचं चौंडकं बघा, तार ओढून ढिली करून सूर खालीवर करतात, फिजिक्सवाल्यांनी तर बघाच. आषाढीला एनएसएसमधून पंढरपूरला जायला मिळतं, ड्यूटी संपली की चंद्रभागेच्या वाळवंटात भारुडं ऐकत बसा. आणि कोजागिरीची तुळजापूरची पायी वारी एकदा तरी करा, पंचेचाळीस किलोमीटर, अख्खा रस्ता माणसांनी भरलेला असतो. त्यात डीजेचे टेम्पो पण असतात, ते पुढं जाऊ द्या, मागं राहा, मागून कवड्यांच्या माळा घातलेल्या भवानीच्या आराधी बायका संबळावर गात येतात त्यांच्या चालीला चाल लावा. मला पहाटे तीन वाजता पाय उचलत नव्हते तेव्हा एका बाईनं माझा दंड धरला आणि गात गात मला कोसभर नेलं. एकट्यानं जाऊ नका, ग्रुपनं जा आणि दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल ठेवू नका.

हलगीबद्दल जरा जास्त लिहिते कारण तो माझा जीव आहे. एका हातात बारीक लांब काडी, दुसऱ्यात आखूड जाड, आणि वाजवायच्या आधी जाळावर शेकायची. का शेकायची हे मी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला घेतलं. कातडं हवेतला ओलावा पितं, सैल पडतं, ताण कमी झाला की फ्रिक्वेन्सी उतरते. शेकलं की ओलावा जातो, कातडं आवळतं, आवाज कडक. फ्रिक्वेन्सी ताणाच्या वर्गमुळावर चालते, म्हणजे फ्रिक्वेन्सी दुप्पट करायला ताण चौपट लागतो, म्हणून एका ठरावीक हद्दीनंतर कितीही शेका, कातडं फाटेल पण सूर फारसा चढणार नाही. मला शिकवणारे दादा हे सगळं अंगठा फिरवून ओळखतात. ते मातंग समाजातले, त्यांच्या तीन पिढ्या हलगी वाजवतात, आणि त्यांच्या आजोबांना लग्नात पुढं वाजवायला बोलवायचे पण जेवायला मांडवाबाहेर बसवायचे हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. हे ऐकून घ्या आणि लक्षात ठेवा. गॅदरिंगला हलगी लागली की सगळे नाचतात, पण ज्यांनी अपमान सोसून ती जपली त्यांना स्टेजवर बोलवा, मानधन द्या, बाजूला उभं करू नका. एका कार्यक्रमात वादकांना मागच्या दारानं बोलावलं होतं, मी त्या दिवशी वाजवायला नकार दिला, अजूनही देईन.

आपल्या जिल्ह्यातलं वाचायचं असेल तर पेशवाईतला शाहीर राम जोशी सोलापूरचा, घरी कीर्तनाची परंपरा आणि हा तमाशात रमला. अमर शेख 1916 साली बार्शीत जन्मले, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकरांबरोबर लालबावटा कलापथकात गायले, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा आवाज गावोगाव गेला. विठाबाई नारायणगावकर पंढरपुरात जन्मल्या. परीक्षेसाठी नाही, असंच वाचा, मग बस बार्शीच्या स्टँडवर थांबली तरी वेगळं वाटतं.

अभ्यासाचं सरळ सांगते. नवरात्र-कोजागिरी झाली की हिवाळी सेमिस्टर डोक्यावर असते, त्यामुळे गणपतीच्या आत जर्नल पूर्ण करून सह्या घेऊन ठेवा. युवा महोत्सवाला लोकवाद्यवृंद असतो, त्यात जरूर घुसा, पण सरावाच्या काळात हजेरी बुडते, डिपार्टमेंटला आधी लेखी कळवा. पहिल्यांदा भाग घेतला तेव्हा मी कळवलं नाही आणि एका विषयात अडकले, आईला सांगताना रडू आलं. पुढचं म्हणाल तर मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत एमए करता येतं, आकाशवाणी लोकसंगीताची ऑडिशन घेते, आणि ज्यांना गाण्यापेक्षा जपण्यात रस आहे त्यांनी हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी सुरू केलेलं जात्यावरच्या ओव्यांचं काम बघा, एक लाखाच्या वर ओव्या आहेत, त्यातल्या काही आता पारीच्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर आवाजासकट ऐकायला मिळतात, खाली गाणारीचं नाव आणि गाव. मी एमएस्सी ध्वनिशास्त्राकडं वळवायचा प्रयत्न करणार आहे, वाद्यांच्या कातड्यांवर काम करायचंय.

आणि गावाला जा म्हटलं ते याच्यासाठी. मागच्या महिन्यात गेले तर आजी तूर भरडायला जात्यावर बसली होती. तिला म्हटलं जुनी ओवी म्हण, तर तिनं चाल जुनीच धरली आणि म्हणाली,

सोलापूरच्या वाटंवरी, एस्टी धुरळा उडवीती
नात माझी शिकाया गेली, डोळं वाटंला लागती

मी विचारलं ही कुणाची ग, तर म्हणाली कुणाची म्हंजे, आत्ता आली, तू बसलीस म्हणून. मी जात्याचा खुंटा धरला, तिच्यासोबत चार फेरे ओढले, मग वही काढली. तारीख लिहिली, गाव लिहिलं, आणि म्हणणारीच्या जागी आजीचं पूर्ण नाव.