जड धातू मुळांतून पिकात: काळ्या जमिनीत या चुका टाळा

नाल्याच्या पाण्यावर पालक-मेथी घेणारे माती तपासून आणतात, पण पहिली चूक रिपोर्ट वाचतानाच होते. कॅडमियम हा विषारी जड धातू एकूण किती, एवढाच आकडा बघितला जातो. मूळ मात्र मातीतल्या पाण्यात विरघळलेलं तेवढंच उचलतं. म्हणून ‘एकूण’सोबत डीटीपीए चाचणीही मागा, म्हणजे पिकाला उचलता येईल असा धातू किती ते कळतं. ती चुनखडीच्या जमिनींसाठीच बसवलेली आहे.

नमुना घेताना जस्ताची बादली आणि गंजलेलं खुरपं नको, प्लास्टिकची बादली घ्या. बांध, उकिरडा आणि रस्त्याकडेची जागा सोडून 8-10 ठिकाणी 20 सेंमी खोल ‘व्ही’ आकाराचे खड्डे घ्या. माती एकत्र करून अर्धा किलो ठेवा, सावलीत वाळवा.

कॅडमियमसाठी मुळात वेगळी वाट नसते. जस्त, लोह, मँगनीज आत नेणाऱ्या प्रथिनांतूनच ते घुसतं. जस्त कमी पडलं की मूळ या वाटा वाढवतं आणि कॅडमियमचं फावतं. खानदेशात नेमकं इथंच बिघडतं: डीएपी या स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) खताचा मारा आणि झिंक सल्फेटचा विसर. जादा स्फुरदामुळे जस्ताची उचल घटते, शिवाय स्फुरदाच्या खतात मूळ खडकातलं थोडं कॅडमियमही येतं. तपासणीत जस्त कमी निघालं तर हेक्टरी 20-25 किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्या. डीएपीत कालवलंत तर जस्त तिथंच अडकतं.

केळीवाल्यांनी पोटॅशकडेही बघावं. एमओपीत, म्हणजे नेहमीच्या म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये, जवळपास निम्मं क्लोराइड असतं. ते कॅडमियमशी जोडी जमवून त्याला मातीच्या कणांवरून सोडवतं. खारं बोअरचं पाणीही हेच करतं. स्वच्छ जमिनीत एमओपीला घाबरायचं कारण नाही. पण कॅडमियम निघालं असेल, तर महाग पडलं तरी एसओपी (सल्फेट ऑफ पोटॅश) घ्या.

चुना टाकायचा सल्ला कोकणातल्या आंबट जमिनीचा. आपल्या काळ्या जमिनीचा सामू (पीएच) आधीच 8 च्या आसपास, तिथं चुन्याचे पैसे वाया. कोळशाची राख टाकणाऱ्यांनी तर आर्सेनिकही तपासावं. त्याची चाल उलटी आहे. सामू वाढला की ते जास्त सुटं होतं आणि स्फुरदाच्या वाटेनं आत जातं.

शिसे बहुतेक मुळाच्या पेशीभित्तीलाच चिकटून राहतं. रस्त्याकडेच्या मेथीत ते सापडलं तर आधी पानावरची धूळ आठवा. पानं न धुता तपासायला दिली की दोष उगाच मुळावर जातो.

शहरी कचऱ्याचं कंपोस्ट घेताना चाचणीचा कागद मागा. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे किलोमागे कॅडमियम 5 मिलिग्रॅम आणि शिसे 100 मिलिग्रॅम, याच्या वर चालत नाही.

कॅडमियम निघालेल्या तुकड्यात पालक-पोकळा घेऊ नका, ते पानातच साठतं. कपाशी परवडेल, पण तिचा पाला गुरांपुढे नको. मोहरीनं जमीन साफ होते हे खरं, पण एका हंगामात नव्हे, वर्षानुवर्षांनी. तीच मोहरी गाडली किंवा उकिरड्यात टाकली, तर उचललेला धातू परत शेतातच येतो.