लहान मुलांबरोबर दिवाळीचा किल्ला: कोजागिरीपासून वसुबारसेपर्यंत

हा लेख तीन ते आठ वर्षांचं मूल घरात असलेल्या बापासाठी आहे. शाळेची सहामाही संपत आलेली, स्वयंपाकघरात फराळाची तयारी, कामावरून घरी यायला संध्याकाळचे सात, आणि पोर विचारतंय, "बाबा, किल्ला कधी करायचा?" रोज पाऊण तास आणि एक पूर्ण रविवार हाती असेल तर मातीचा खरा किल्ला होतो. बाजारात मिळणारा प्लास्टरचा तयार किल्ला आणू नका. त्यात मुलाला करायला काहीच उरत नाही.

एक गोष्ट आधीच ठरवून घ्या: सांगाडा बापाचा, किल्ला पोराचा. ओझं, विटा, उतार, पाणी ही कामं तुमची. तटबंदी, बुरूज, पायऱ्या, पेरणी आणि चित्रांची (म्हणजे महाराज, मावळे अशा छोट्या मूर्तींची) मांडणी मुलाची. बुरूज वाकडा झाला तर तो रात्री गुपचूप सरळ करू नका. मुलांच्या ते दुसऱ्या दिवशी लक्षात येतं आणि मग ती हात लावेनाशी होतात.

दिवस उलटे मोजा

बहुतेक किल्ले उशिरामुळे फसतात. धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री लावलेली माती लक्ष्मीपूजनापर्यंत ओलीच राहते, तिच्यावर चित्रं रुततात, आणि हिरवळ उगवते ती भाऊबीज झाल्यावर. वसुबारसेला किल्ला तयार हवा असेल तर त्याआधी दहा दिवस हाती ठेवा. कोजागिरी ते वसुबारस बारा दिवसांचं अंतर असतं, म्हणून कोजागिरीच्या आसपासचा शनिवार-रविवार सांगाड्याला उत्तम. पहिल्या दिवशी सांगाडा आणि मातीचा पहिला थर, दुसऱ्या दिवशी दुसरा थर, तिसऱ्या दिवशी वाळवण आणि भेगा बुजवणं, चौथ्या-पाचव्या दिवशी तटबंदी आणि पेरणी. पुढचे पाच दिवस हिरवळीसाठी पेरलेले हळीव उगवण्याचे.

कोणता किल्ला?

मुलाला दोन-तीन किल्ल्यांचे फोटो किंवा नकाशे दाखवा आणि निवड त्याला करू द्या, पण जे पर्याय समोर ठेवाल ते जागा बघून ठेवा.

सदनिकेची बाल्कनी असेल तर सिंधुदुर्ग. मालवणजवळच्या कुरटे बेटावर 1664 साली बांधायला घेतलेला हा जलदुर्ग बसका आहे. डोंगर उभा करायचा नसल्यामुळे माती कमी लागते, वजन कमी होतं, आणि नागमोडी तटबंदी हेच त्याचं रूप असल्यामुळे मुलाच्या हातून वाकडी झाली तरी शोभते. भोवती समुद्र म्हणून उथळ ट्रे ठेवता येतो.

अंगणाचा कोपरा किंवा सोसायटीतली मोकळी जागा असेल तर राजगड. मध्ये उंच बालेकिल्ला आणि तीन दिशांना पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या, म्हणजे बालेकिल्ल्याखालचे तटबंदीचे सपाट भाग. "मधे एक डोंगर आणि त्याला तीन हात" एवढं सांगितलं की पाच वर्षांच्या मुलालाही आराखडा कळतो. लोहगडही सोपा, कारण त्याचा विंचूकाटा, म्हणजे विंचवाच्या नांगीसारखी लांब निमुळती माची, मुलं एकदा बघितल्यावर विसरत नाहीत. रायगड मात्र पहिल्या वर्षी नको. त्याचे कडे सरळसोट आहेत, आणि ओली माती उभ्या कड्यावर टिकत नाही.

हे चारही किल्ले जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा मराठा दुर्गांपैकी आहेत. बारांपैकी अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. मोठ्या मुलाला दरवर्षी यातला एक, असा क्रम लावून देता येतो.

जागा आणि सामान

सकाळचं ऊन येणारी, दुपारी सावली पडणारी जागा निवडा. ऑक्टोबरचं दुपारचं ऊन लागलं की ओली माती तासाभरात तडकते. भिंतीपासून वीतभर अंतर सोडा, नाहीतर ओल भिंतीत जाऊन रंगाचे पोपडे निघतात. बाल्कनीत आधी जाड प्लास्टिक, त्यावर प्लायवुडची फळी, आणि पाणी जायची मोरी मोकळी. परतीचा पाऊस अजून गेला नसेल तर संध्याकाळी झाकायला एक ताडपत्री हाताशी ठेवा.

तीन फूट लांब, अडीच फूट रुंद आणि दीड फूट उंच किल्ल्याला साधारण एवढं लागतं: पंचवीस-तीस अख्ख्या-तुटक्या विटा, एक जुनं घमेलं किंवा फुटकी बादली, तीन गोणपाटं, चाळलेली लाल माती चार घमेली, काळी माती एक घमेलं, वाळू अर्धं घमेलं, दोन ओंजळी गव्हाचा भुसा किंवा बारीक तोडलेलं वाळलं गवत, आणि पन्नास ग्रॅम हळीव. गणपतीतली शाडू उरली असेल तर ती बुरुजांसाठी राखून ठेवा.

नुसती काळी माती वापरू नका. ती भिजली की फुगते, सुकली की आकसते, आणि दोन दिवसांत बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. नुसती लाल माती मात्र पाणी मारलं की वाहून जाते. चारास एक हे मिश्रण चिकटतंही आणि तडकतही कमी. भुसा मातीला आतून धरून ठेवतो.

पावसाळाभर पडून राहिलेल्या विटा मुलाला उचलू देऊ नका. त्यांच्याखाली विंचू, गोम, क्वचित सापही असतो. आधी काठीने वीट उलटवा, हातमोजे घाला, मग उचला. माती चाळायचं काम मुलाचं, पण काचा आणि खिळे आहेत का ते चाळण्याआधी तुम्ही बघा.

सांगाडा

मधे घमेलं किंवा बादली पालथी घाला, हा बालेकिल्ला. भोवती विटा उतरत्या रचा. आतली जागा पोकळ राहिली तर चांगलंच: माती वाचते, वजन घटतं आणि किल्ला लवकर वाळतो. विटांचे कोपरे मुद्दाम बाहेर आलेले ठेवा, मातीला पकड मिळते.

उताराचं सोपं गणित असं: दीड फूट उंचीला प्रत्येक बाजूने निदान फूटभर पसारा द्या. त्याहून सरळ उतारावरची माती पहिल्याच रात्री खाली बसते. खरा कडा दाखवायचा असेल तर तिथे माती न लावता चपटा दगड उभा करा.

भुयार हवं असेल तर ते आत्ताच. चार इंची पाइपचा तुकडा किंवा दोन्ही टोकं कापलेली लिटरची बाटली विटांत आडवी बसवा. माती लावल्यावर भुयार कोरायला गेलात तर वरचा भाग खचतो. पाण्याच्या टाक्यासाठी उथळ डब्याची जागाही याच वेळी सोडा.

मग गोणपाट. गोणपाटातून झिरपेल इतका पातळ चिखल बादलीत कालवा, गोणपाट त्यात बुडवा, हलकं निथळा आणि सांगाड्यावर पसरा. खळग्यांत हाताने दाबून बसवा. ताणून लावलं तर वाळताना ते विटांपासून सुटतं आणि वरची माती पापुद्र्यासारखी निघते. हे दाबायचं काम मुलांना मनापासून आवडतं. जुने कपडे घालून उतरवा आणि बिनधास्त माखू द्या.

मातीचे दोन थर

पहिला थर अर्ध्या इंचाचा. माती थालीपिठाच्या पिठाइतकी मऊ असावी. गोळा हातावर घेऊन खालून वर दाबत न्या, वरून खाली लावलेली माती घसरते. रात्रभर सावलीत वाळू द्या. सकाळी केसाएवढ्या भेगा दिसतील, त्या दिसायलाच हव्यात. संध्याकाळी त्यांवर पाण्याचा हात फिरवून तेवढाच दुसरा थर लावा. एकाच वेळी इंचभर माती थापली तर वरचं कवच वाळतं, आतला भाग ओला राहतो आणि मोठे तडे जातात. तडा गेलाच तर कोरडी माती भरू नका. पातळ चिखल ओता, वरून बोट फिरवा.

तटबंदी, बुरूज, दरवाजा

माती बोटाने दाबल्यावर ठसा उमटतो पण बोटाला लागत नाही, अशी झाली की मुलाची पाळी. मातीची बोटभर जाड वळकटी करून ती काठाने ठेवायची, चिमटीने दीड इंच उंच करायची आणि आइस्क्रीमच्या काडीने वर खाचा पाडायच्या. बुरुजासाठी औषधाच्या बाटलीचं मोठं झाकण किंवा लहान वाटी आतून ओली करून तीत माती दाबून भरा आणि पालथी घाला. पायऱ्या त्याच काडीने दाबून.

जोडणीत एकच काळजी: जिथे बुरूज बसवायचा ती जागा आणि बुरुजाचा तळ काडीने खरवडा, पाणी लावा, मग दाबा. गुळगुळीतावर गुळगुळीत ठेवलेला बुरूज वाळला की टपकन पडतो, आणि तो पडतो नेमका पाहुणे आले असताना.

मुख्य दरवाजा समोरून दिसेल असा करू नका. शिवकालीन गडांवर दरवाजा दोन बुरुजांच्या बेचक्यात, वाटेला वळण देऊन लपवलेला असतो. चालून येणाऱ्याला तो दिसत नाही, हत्तीला धडक द्यायला धाव घेता येत नाही, आणि दोन्ही बुरुजांवरून मारा करता येतो. हे मुलाला सांगा आणि एखादा मावळा त्याच्या हाताने वाटेवरून चालवून दाखवा. पुस्तकातल्या धड्यापेक्षा ते जास्त लक्षात राहतं.

दरवाजाची उंची चित्रांवरून ठरवा. बाजारातले मावळे साधारण तीन इंच असतात, तेव्हा दरवाजा चार इंच तरी हवा. दरवाजापेक्षा मावळा उंच दिसणं ही चूक सगळीकडे दिसते. तिला उपाय एवढाच: चित्रं आधी आणा, किल्ला मग बांधा. पुण्यात कुंभारवाड्यात, इतर गावांत कुंभारांकडे ती दसऱ्यानंतर मिळू लागतात. मातीची घ्या, मोडली तरी चिखलात मुरतात.

पेरणी

हळीव यासाठी सगळ्यांत योग्य. पाणी लागलं की त्याच्या बीभोवती चिकट थर येतो आणि ते उतारावरही जागच्या जागी चिकटून बसतं. मोहरी गडगडत पायथ्याशी जमा होते, नाचणी सावकाश वर येते. घरात बाळंतीण असेल तर लाडवांसाठी आणलेले हळीव डब्यात असतीलच, मात्र भाजलेले नकोत. आदल्या दिवशी चिमूटभर बी ओल्या फडक्यावर टाकून बघा. चिकट थर मेलेल्या बीलाही येतो, म्हणून कोंब दिसल्याशिवाय पेरू नका.

उतार ओला करा आणि कोरडं बी मुलाला चिमटीने भुरभुरवू द्या. दोन बियांत तांदळाच्या दाण्याएवढं अंतर राहिलं तर उत्तम. मुलं मूठभर एकाच जागी टाकतात, तिथे कोंब कुजतात आणि पांढरी बुरशी धरते, म्हणून एका वेळी चमचाभरच बी हाती द्या. वाटा, माची आणि बालेकिल्ल्याचा माथा मोकळा सोडा.

पहिले दोन दिवस ओलं फडकं झाकून ठेवा, मग काढा. पाणी सकाळ-संध्याकाळ फवाऱ्याच्या बाटलीने, तांब्याने कधीच नाही. पाचव्या दिवशी हिरवा उतार दिसतो, आठ-दहा दिवसांनी रोपं लांबून आडवी पडू लागतात. दिवाळीभर हिरवं राहावं म्हणून पेरणी वसुबारसेच्या पाच-सहा दिवस आधीच करा, त्याहून लवकर नको.

चित्रं, पाणी, दिवे

सिंहासनावरचे महाराज माथ्यावर, पहारेकरी दरवाजाशी, तोफा बुरुजांवर, बाजार आणि शेत पायथ्याशी, एवढं सुचवा आणि बाजूला व्हा. पोराने तिथे विमान आणि डायनासोर ठेवले तर राहू द्या. वाटांवर गेरूचं पाणी किंवा रांगोळी चालते. कळीचा चुना अजिबात नको, डोळ्यात गेला तर इजा होते. तीन वर्षांखालच्या भावंडाच्या हाती मणी आणि बारीक खडे लागू देऊ नका, ते घशात अडकतात.

टाक्यातलं आणि ट्रेमधलं पाणी दर दोन दिवसांनी ओतून द्या, भांडं आतून घासून पुसा. डेंगीचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात, कडेला चिकटवून अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. या ऋतूत ही काळजी टाळण्यासारखी नाही.

पणत्या किल्ल्याच्या पुढे, जमिनीवर. वाळलेलं गोणपाट उघडं पडलं असेल तर ते लगेच पेटतं. विजेची माळ ओल्या मातीवर टाकू नका, ती मागच्या भिंतीवर लावा. भुयारात किंवा बुरुजात फटाका ठेवायचा हट्ट मुलं करतात. त्याला ठाम नकार द्या. मातीचे आणि विटेचे तुकडे थेट डोळ्यांच्या उंचीवर उडतात.

तुळशीच्या लग्नानंतर

बरेच जण किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवतात. मोडताना मुलाला बरोबर घ्या आणि पहिला घाव त्याला घालू द्या. चित्रं कोरड्या ब्रशने झाडून वर्तमानपत्रात एकेक गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरून रंग सुटतो. गेरू-रांगोळी लागलेला वरचा थर वेगळा काढून बाकी माती कुंड्यांत घाला, हळिवाची मुळं तिच्यातच कुजतात. विटा आडोशाला रचा, आणि गोणपाटं धुऊन दोन दिवस कडक उन्हात घालून मगच घडी करा.