सॉलिड-स्टेट ॲम्पचा आवाज मनासारखा येत नाही? या चुका टाळा

नागपुरात गिटार शिकू लागलेल्या मुलाच्या घरी येणारा पहिला ॲम्प बहुधा दहा-पंधरा वॅटचा, सहा किंवा आठ इंची स्पीकरचा सॉलिड-स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरवर चालणारा ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारे यंत्र) असतो. काही महिन्यांतच तक्रार सुरू होते की क्लीन (न फाटलेला) आवाज कोरडा आहे, डिस्टॉर्शन (मुद्दाम फाडलेला आवाज) डबीत अडकलेल्या माशीसारखे गुणगुणते आणि आता व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा ट्यूब ॲम्प घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. हा निष्कर्ष घाईचा आहे. १९७५ साली बाजारात आलेला रोलंडचा जेसी-१२० सॉलिड-स्टेटच आहे आणि क्लीन आवाजासाठी तो आजही नावाजला जातो. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग यांनी लॅब सिरीजचा एल-५ आणि हेवी मेटलचे गिटारवादक डाइमबॅग डॅरेल यांनी रँडलचे सॉलिड-स्टेट ॲम्प वर्षानुवर्षे वापरले.

फरक नाही असे मात्र नाही. ट्यूबवर भार वाढत जातो तसा तिचा आवाज हळूहळू दाटतो, तर ट्रान्झिस्टरची मर्यादा ओलांडली की लहरीचा माथा एकदम सपाट कापला जातो आणि त्यातून कानाला टोचणारे वरचे हार्मोनिक्स (मूळ स्वराच्या पटीतले स्वर) निर्माण होतात. म्हणून ट्यूब ॲम्पप्रमाणे मास्टर व्हॉल्यूम शेवटपर्यंत चढवून ‘गरम’ आवाज मिळेल, ही अपेक्षा येथे ठेवू नये.

सर्वाधिक नुकसान होते ते नॉबच्या मांडणीने. गेन (आवाज किती फाटावा ते ठरवणारा नॉब) पूर्ण, बास (खालचे स्वर) पूर्ण, ट्रेबल (वरचे स्वर) पूर्ण आणि मिड (मधले स्वर) शून्य अशी मांडणी खोलीत एकट्याने वाजवताना भारदस्त वाटते, कारण कमी आवाजात आपल्या कानाला खालचे आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात व ही मांडणी नेमकी ती उणीव भरून काढते. तोच ॲम्प गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात नेला की आवाज वाढताच बास घुमू लागतो, वरची पट्टी झांजेत मिसळते आणि ज्या मिडमध्ये गिटारची खरी ओळख असते तो आपणच काढून टाकलेला असल्यामुळे कीबोर्डच्या मागे गिटार दिसेनाशी होते. म्हणून मांडणी नेहमी ज्या आवाजात वाजवायचे आहे त्याच आवाजात करावी. मिड अर्ध्याच्या वर ठेवून सुरुवात करावी, बास लागेल तेवढाच वाढवावा आणि गेन पुरेसा वाटला की तेथून थोडा मागे घ्यावा.

ॲम्प कोटा फरशीवर, भिंतीच्या कोपऱ्यात ठेवणे ही तशीच सर्रास होणारी चूक. कोपऱ्यात बास फुगतो, आणि स्पीकरचा ट्रेबल अरुंद झोतात समोर जात असल्यामुळे उभ्या वादकाच्या तो घोट्यांना लागतो, कानांना नाही. वादक मग ट्रेबल वाढवत राहतो आणि समोर बसलेल्यांचे कान किटतात. ॲम्प स्टुलावर ठेवावा किंवा मागे कलता करून कानाकडे रोखावा. यास एक पैसाही लागत नाही.

एप्रिल-मेमध्ये नागपूरकरांच्या तक्रारींत आणखी एकाची भर पडते, ती म्हणजे गुणगुण आणि खरखर. कूलरचा पंखा, त्याचा पंप आणि ॲम्प एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर असतील तर दोष ॲम्पला देण्याआधी कूलर मिनिटभर बंद करून पाहावा. त्यानंतर गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर न्यावा: गुणगुण थांबली तर ती पिकअपमधून (तारांचे कंपन टिपणाऱ्या चुंबकी भागातून) येत आहे, आणि सिंगल-कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचा पिकअप असेल तर गिटार घेऊन थोडे वळताच ती कमी-जास्त होताना स्पष्ट ऐकू येईल. ॲम्पमधून केबल काढूनही गुणगुण तशीच राहिली, तर दोष ॲम्पमध्ये किंवा वीजपुरवठ्यात आहे. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो साफ नाकारावा. गिटारच्या तारा केबलमधून ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. एक हात तारांवर आणि दुसरा अर्थिंग नसलेल्या लोखंडी कूलरला लागला, तर गाठ जिवाशी असते.

पैसे खर्च करायचेच असतील तर आधी गिटारच्या नव्या तारा, आणि मग एक साधे ओव्हरड्राइव्ह पेडल (आवाज हलका फाडणारी, पायाने चालू-बंद करायची डबी) घ्यावे. ट्यूब स्क्रीमर प्रकारचे पेडल ७२० हर्ट्झच्या आसपासचा मिड पुढे आणते, आणि लहान सॉलिड-स्टेट ॲम्पला नेमका त्याचाच आधार लागतो. ॲम्प क्लीन चॅनलवर ठेवून डिस्टॉर्शन पेडलकडूनच घ्यावे. पेडलला मोबाइलच्या चार्जरसारखा स्वस्त ॲडॉप्टर लावून नवी खरखर मात्र ओढवून घेऊ नये.

मोठा बदल हवा असेल तर तो स्पीकरमध्ये असतो, वॅटमध्ये नव्हे. वॅट दुप्पट केले तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो; ९७ ऐवजी १०० डेसिबल संवेदनशीलतेचा (म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये अधिक मोठा वाजणारा) स्पीकर लावला तरी तेवढीच वाढ मिळते. बाहेरच्या स्पीकरची सोय असल्यास बारा इंची गिटार कॅबिनेट जोडून पाहावे. लहान ॲम्पचा आवाज एवढा भरतो की अनेकांचा ट्यूबचा हट्ट तेथेच संपतो. लाउडस्पीकरवाल्यांकडचा फुल-रेंज स्पीकर मात्र लावू नये, कारण गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचे कापून टाकतो, तर फुल-रेंज स्पीकर डिस्टॉर्शनची सारी किरकिर इमानदारीने ऐकवतो. ओहमकडे, म्हणजे स्पीकरच्या विद्युतरोधाकडे, दुर्लक्ष करू नये: ॲम्पवर किमान ८ ओहम लिहिले असताना ४ ओहमचा स्पीकर जोडल्यास आउटपुट ट्रान्झिस्टर जळू शकतात; उलट ४ ओहमच्या ॲम्पला ८ ओहमचा जोडल्यास फक्त ताकद सुमारे निम्मी होते. स्पीकर बदलण्यासाठी ॲम्प उघडायचा असेल तर प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) धोकादायक विद्युतभार उरतो, हे ध्यानात ठेवावे. आणि कॅबिनेट पातळ प्लास्टिकचे असेल तर महागडा स्पीकर त्यात बसवण्यापेक्षा तेच पैसे जुन्या बाजारातील बारा इंची ॲम्पसाठी राखून ठेवावेत.