पित्तनलिकेत राहून गेलेला स्टेंट: काढण्याची तयारी आणि पद्धती

पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झाली, की दुर्बिणीने पित्ताची वाट मोकळी करून तेथे बऱ्याचदा प्लास्टिकचा स्टेंट, म्हणजे पित्त वाहते ठेवणारी बारीक नळी, ठेवतात. तो साधारणपणे ३ महिन्यांच्या आत काढावा किंवा बदलावा लागतो. परंतु डोळ्यांचा पिवळेपणा गेला आणि रावेर-यावलकडचा माणूस पुन्हा केळीच्या बागेत कामाला लागला, की न दुखणारी ही नळी घरात कोणाच्याच लक्षात राहत नाही. जेमतेम ३ मिलिमीटर जाडीच्या त्या नळीत मग काळपट गाळ साचतो, तिच्याभोवती खड्याचे कवच चढते आणि एरवी काही मिनिटांत निघणारा स्टेंट अवघड होऊन बसतो.

स्टेंट काढण्यासाठी जळगाव किंवा धुळ्याला निघण्यापूर्वी जुने डिस्चार्ज कार्ड शोधावे. स्टेंट कधी बसवला, प्लास्टिकचा की धातूचा, किती लांबीचा, हे कळले तर डॉक्टरांना पद्धत ठरवणे सोपे जाते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावी. थंडी वाजून ताप, पोटात उजवीकडे वर दुखणे आणि कावीळ अशी लक्षणे दिसल्यास मात्र दिलेल्या तारखेची वाट पाहू नये, आणि कावीळ उतरवणाऱ्याच्या झाडपाल्यात तर एक दिवसही घालवू नये; तुंबलेल्या पित्तातील जंतुसंसर्ग रक्तात पसरून जीव जाऊ शकतो.

नळीचे टोक आतड्यात दिसत असेल, तर दुर्बिणीतून फासा किंवा चिमटा टाकून ती ओढून घेतात. टोक आत सरकले असल्यास क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत शेजारून फुगा नेऊन नळी खाली आणतात, किंवा तिच्या पोकळीत तार ओवून त्या तारेवरून पेचदार टोकाचे उपकरण नळीत घट्ट बसवतात. खड्याने जखडलेल्या नळीवर जोर लावणे धोक्याचे असते, कारण नळी तुटते किंवा पित्तनलिकेला इजा होते. तेथे थेट पित्तनलिकेत शिरणाऱ्या बारीक दुर्बिणीतून लेझरने आधी कवच फोडावे, हेच शहाणपणाचे. धातूच्या, आवरण नसलेल्या स्टेंटच्या जाळीत मांस वाढले असेल, तर त्याच्या आतून दुसरा, आवरण असलेला स्टेंट बसवून साधारण २ आठवडे थांबतात; दाबाने ते मांस झडते आणि दोन्ही स्टेंट काढता येतात. या थांबण्याला नातेवाइकांनी उपचार फसला असे समजू नये. एवढे करूनही स्टेंट निघाला नाही, तर लॅप्रोस्कोपीचा, म्हणजे पोटाला छोटी छिद्रे पाडून करायच्या शस्त्रक्रियेचा, मार्ग उरतो.

काढलेला स्टेंट डॉक्टरांकडून आवर्जून पाहून घ्यावा आणि त्याची लांबी कार्डावरील नोंदीशी जुळते का, हे विचारावे. तुकडा आत राहिला असल्यास ते तेव्हाच कळते. नवा स्टेंट बसवला असेल, तर तो काढण्याची तारीख घरी निघण्यापूर्वीच कार्डावर लिहून घ्यावी.