लघुचित्रासाठी बारीक ब्रश कसा निवडावा आणि कसा जपावा

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलात तर लघुचित्रांच्या दालनात एखाद्या मुघल किंवा राजस्थानी चेहऱ्यासमोर दोन मिनिटं थांबा. पापण्या बघा, कल्ल्यांचे केस बघा. प्रत्येक केस मुळाशी किंचित जाड असतो आणि टोकाकडे जाता जाता कागदात विरून जातो. पेनाने अशी रेषा येत नाही, कारण पेनाची रेषा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जाडीची असते. ब्रश टेकवताना हलका दाब द्यायचा आणि पुढे सरकता सरकता तो उचलून घ्यायचा, तेव्हा ती रेषा उतरते. त्यासाठी ब्रशला टोक हवं, पोट म्हणजे रंग धरून ठेवणारा मधला फुगीर भाग हवा आणि दाब काढला की परत सरळ होणारे केस हवेत. निवडताना या तीनच गोष्टी बघायच्या आणि वापरताना या तीनच जपायच्या.

नंबराच्या मागे लागू नका

लघुचित्र शिकायला सुरुवात करणारा जवळपास प्रत्येक जण दुकानात जाऊन सगळ्यात बारीक ब्रश मागतो. तीन शून्यांचा, पाच शून्यांचा. मीही तेच केलं होतं. पण इतक्या बारीक ब्रशात रंग राहतो किती? मोहरीच्या दाण्याएवढाही नाही. भुवईची रेषा अर्ध्यात आली की ब्रश कोरडा पडतो, आणि उन्हाळ्यात डोक्यावर पंखा फिरत असेल तर रंग कागदाला लागण्याआधीच टोकावर सुकतो. मग जोड दिलेली, थरथरती रेषा निघते आणि आपण हाताला दोष देतो.

जयपूर-उदयपूरकडे ‘एक बाल की कलम’ म्हणतात. कलम म्हणजे इथे ब्रशच. ते ऐकून अनेकांना वाटतं की त्या कलमेत खरोखर एकच केस असतो. एका केसात रंग धरणार कसा? पारंपरिक कलम खारीच्या शेपटीच्या केसांची असते. केसांची टोकं जुळवून दोऱ्याने बांधतात, भिजवून मऊ केलेल्या पिसाच्या नळीतून ती जुडी ओढून घेतात आणि मागे दांडी बसवतात. केस पुष्कळ असतात, पण सगळ्यांच्या पुढे निमुळतं टोक निघतं आणि कागदाला तेवढंच लागतं. मागचे केस रंग साठवून ठेवतात आणि तो हळूहळू पुढे सोडतात.

म्हणून सुरुवातीला चार ब्रश पुरेत. सपाट रंग भरायला, म्हणजे ज्याला ‘गद’ म्हणतात त्यासाठी, 2 किंवा 3 नंबरचा. शेवटच्या बाह्यरेषांसाठी, म्हणजे ‘खुलाई’साठी, 1 नंबरचा. ‘परदाज’च्या बारीक ठिपक्यांना आणि कणरेषांना 0 किंवा 00. आणि रंग कालवायला कुठलाही जुना. हे नंबर सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात. एकीचा 1 दुसरीच्या 0 एवढा निघतो, तेव्हा नंबर वाचल्यावर डोळ्यांनीही बघा.

केस कशाचे घ्यावेत

जलरंगवाल्यांमध्ये सगळ्यात नावाजलेला ब्रश कोलिन्स्की सेबलचा. सायबेरिया आणि ईशान्य चीनकडच्या वीझल नावाच्या प्राण्याच्या शेपटीचे हे केस. पाणी भरपूर धरतात, टोक सुईसारखं होतं आणि दाब काढला की झटकन सरळ होतात. विन्सर अँड न्यूटन या कंपनीची सिरीज 7 यातली सगळ्यात प्रसिद्ध. तिच्यातच आखूड केसांचा एक लघुचित्रांसाठीचा प्रकार मिळतो. माझं मत विचाराल तर नेहमीचा लांब केसांचाच घ्या. आखूड केस हाताला आटोपशीर वाटतात, पण पोट लहान असल्यामुळे पुन्हा तीच रंग संपण्याची अडचण येते. किंमत मात्र जड असते. एका लहान ब्रशला सहज हजाराच्या पुढे पैसे पडतात.

नवशिक्यांना मी सिंथेटिकच सुचवते. आता चांगले सिंथेटिक ब्रश सहज मिळतात, टोक छान असतं, पैसे बेताचे लागतात. त्यांचा एक दोष आहे. काही महिन्यांत टोक एका बाजूला आकड्यासारखं वळतं. तोवर तुमचा हात तयार झालेला असतो आणि पुढचा ब्रश कसा हवा हे तुम्हाला कळलेलं असतं.

मुंगसाच्या केसांचा ब्रश मात्र कुणी देऊ केला तरी घेऊ नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगूस संरक्षित आहे आणि या केसांचा व्यापार गुन्हा आहे. ओळखायला सोपं आहे: एकाच केसावर रंगाचे पट्टे दिसतात, टोक गडद, मध्ये फिकट मलईसारखा भाग आणि खाली पुन्हा गडद. ‘नॅचरल हेअर’ एवढंच लिहिलेल्या ब्रशावर हे पट्टे दिसले तर तो तिथेच ठेवा. खारीच्या केसांची कलमही मी आता घेत नाही. त्या जिवाचं शेपूट माझ्या रेषेपेक्षा मोलाचं आहे.

दुकानात पारख कशी करावी

सोबत पाण्याची छोटी बाटली आणि गुळगुळीत कागदाचा तुकडा न्या. नव्या ब्रशाचे केस डिंकाने किंवा खळीने चिकटवून टोकदार केलेले असतात, त्यामुळे कोरडा प्रत्येक ब्रश सुंदरच दिसतो. दुकानदाराला विचारून ब्रश पाण्यात बुडवा, खळ पूर्ण विरघळू द्या. मग मनगटाने एकच झटका द्या. चांगल्या ब्रशाचे केस आपोआप एका टोकात येतात. दोन टोकं झाली, किंवा टोकाऐवजी बोथट गोळा राहिला, तर दुसरा मागा.

टोक जमलं तर ओल्या ब्रशाने कागदावर सावकाश रेषा ओढा आणि ओढता ओढता दांडा बोटांत गोल फिरवा. रेषा मध्येच दुहेरी झाली तर एखादा केस वाट सोडून निघालेला आहे. नंतर टोक हलकं दाबून उचला. ते परत सरळ आलं पाहिजे, वाकलेलंच राहिलं तर परदाज करताना फार चिडचिड होईल. शेवटी केस जिथून निघतात ती धातूची नळी बघा. तिला उभा सांधा नको आणि ती दांड्यावर हलायला नको. एकाच नंबरचे पाच-सहा ब्रश असे तपासले तर त्यातला एखादा इतरांपेक्षा उजवा असतोच, आणि तो हाताला लगेच कळतो.

काम करताना

बसण्याआधी पाण्याचे दोन पेले घ्या, एक ब्रश धुवायला आणि एक रंग पातळ करायला. रंगात बुडवताना केसांच्या अर्ध्यापर्यंतच बुडवा. ब्रश मरतो तो टोकाकडून नाही, नळीच्या तोंडापासून. रंगातला डिंक नळीत चढतो, आत सुकतो, केसांची मुळं फाकवतो, आणि मुळं फाकली की टोक कितीही धुतलं तरी फुटतंच.

रंग कालवायला चांगला ब्रश कधीच वापरू नका. खनिज रंगांचे कण केसांची टोकं झिजवतात. कागदही खरखरीत नको. वसलीचे, म्हणजे लघुचित्रासाठी कागदावर कागद चिकटवून केलेल्या जाड कागदाचे, थर चिकटवल्यावर तिला अकीकाच्या दगडाने घोटतात, त्या गुळगुळीतपणाचा फायदा रेषेला होतो आणि ब्रशालाही.

टोक करायला ब्रश ओठांत धरायची सवय पुष्कळांना असते. ती मोडा. हरताळाच्या पिवळ्या रंगात आर्सेनिक असतं, हिंगुळाच्या लाल रंगात पारा. ओल्या सुती फडक्यावर ब्रश फिरवत ओढला तरी तसंच टोक येतं. अॅक्रिलिक वापरणार असाल तर सिंथेटिक ब्रश वेगळा ठेवा, कारण ते केसांत एकदा सुकलं की पाण्याने निघत नाही. सोन्याच्या रंगालाही स्वतंत्र ब्रश हवा, नाहीतर प्रत्येक निळ्यात चमक उतरते.

आणि ब्रश पेल्यात उभा सोडून उठू नका. माझा पहिला कोलिन्स्की मी एका रात्री असाच विसरले. सकाळी टोक विंचवाच्या नांगीसारखं वळलेलं होतं. महिनाभर तऱ्हा करून पाहिल्या, पण ती रेषा परत आली नाही.

धुणं आणि वाळवणं

काम संपलं की लगेच, जेवायला उठण्याआधी, धुवा.

1. थंड किंवा कोमट पाण्यात ब्रश हलवून रंग काढा. गरम पाणी नको, नळीतला गोंद सैल होतो आणि केस झडायला लागतात.
2. तळहातावर ग्लिसरीनच्या साबणाचा थोडा फेस करा. त्यात ब्रश एकाच दिशेने, मागे ओढत फिरवा. केस तळहातावर उभे दाबू नका.
3. नळीजवळचा भाग बोटांच्या चिमटीत धरून हलकेच चोळा. फेसात रंग दिसत असेल तर पुन्हा धुवा, पांढरा फेस येईपर्यंत.
4. स्वच्छ पाण्याने साबण काढून टाका, एक झटका द्या आणि बोटांनी टोकाला आकार द्या.
5. फडक्यावर आडवा ठेवून वाळवा. उभा ठेवला तर पाणी नळीत आणि लाकडी दांड्यात मुरतं, दांडा फुगतो आणि त्यावरचा रंग तडकतो.

पूर्ण वाळल्यावर केस वर करून बरणीत ठेवायला हरकत नाही. सोबत मिळणारी प्लॅस्टिकची टोपी मी वापरत नाही. ती घालताना एखादा केस उलटा दुमडला की कायमचा तसाच राहतो.

पावसाळ्यात जास्त लक्ष द्यावं लागतं. कोकणात आमच्या घरी एका जूनमध्ये मी किंचित ओलसर ब्रश डब्यात बंद करून ठेवले. ऑगस्टमध्ये उघडलं तर केसांवर करडी बुरशी. तेव्हापासून ब्रश दोन दिवस पंख्याखाली वाळवते, मगच डब्यात ठेवते आणि सोबत सिलिका जेलची पुडी टाकते. खऱ्या केसांना कसरही लागते, अगदी लोकरीच्या शालीला लागते तशी. बरेच दिवस वापर नसेल तर डब्यात डांबरगोळी ठेवा आणि महिन्यातून एकदा उघडून बघा.

टोक बिघडलं तर

खऱ्या केसांचं टोक थोडं फाकलं असेल तर नीट धुऊन, साबणाच्या किंवा डिंकाच्या पातळ पाण्यात बुडवून, टोक करून दोन दिवस तसंच राहू द्या. मग पाण्याने धुवा. पुष्कळदा एवढ्याने जमतं. सिंथेटिक टोक वळलं असेल तर उकळलेलं पाणी गॅसवरून उतरवून त्यात फक्त केस काही सेकंद बुडवा आणि लगेच बोटांनी सरळ करा. खऱ्या केसांवर हा उपाय करू नका.

कात्री कधीही लावू नका. प्रत्येक केस टोकाकडे निसर्गतःच निमुळता असतो आणि कारागीर ती मूळ टोकंच पुढे ठेवून ब्रश बांधतात. ती कापली की उरतो तो झाडूचा बुडखा. एखादाच केस बाहेर डोकावत असेल तर तेवढा एक, नळीपाशी, धारदार पात्याने काढा.

टोक गेलेला ब्रश टाकू नका. तो रंग कालवायला ठेवा, किंवा केस फाकवून झाडांच्या पानांचे ठिपके द्यायला घ्या. माझ्याकडचा आंब्याच्या झाडांचा पाला त्याच नांगी झालेल्या कोलिन्स्कीने रंगवते.